पीएस५ घेतला, आता टीव्ही कुठला घ्यायचा? दुकानात जायच्या आधी हे वाचा

दुकानात जायच्या आधी घरातला मोजायचा टेप काढा. चेष्टा नाही करत. मागच्या वेळी मी उलटं केलं, दिवाळीत थेट दुकानात गेलो, भिंतभर टीव्ही लावलेले, सगळ्यांवर तेच ते रंगीत पोपट आणि तीच ती कापलेली फळं, आणि तिथला पोरगा म्हणाला "मालक, हा बघा, एकशेवीस आहे, गेमिंगसाठीच घेऊन जातेत सगळे". खोक्यावर खरंच १२० लिहिलेलं होतं. घरी आणला, पीएस५ (सोनीचं प्लेस्टेशन ५, गेम खेळायचं मशीन म्हणजे कन्सोल) जोडला, सेटिंगमध्ये जाऊन बघतो तर साठ. १२० च्या शेजारी बारीक अक्षरात 'मोशन' असं काहीतरी होतं, म्हणजे टीव्ही दोन फ्रेमच्या (फ्रेम म्हणजे एकेक चित्र) मधे स्वतःच्या मनाने एक फ्रेम बनवून घालणार, पॅनल म्हणजे पडदा मात्र साधा ६० हर्ट्झचाच, सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा. अडीच वर्षं तोच वापरला. आता परत घ्यायची वेळ आली तेव्हा नीट अभ्यास केला, ओळखीतले तिघंचौघं रोज तेच ते विचारायला लागले म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

टेप कशासाठी, तर सोफ्यापासून भिंतीपर्यंत किती फूट आहे ते बघायला. ५५ इंच ही तिरपी लांबी असते, आडवा टीव्ही साधारण ४ फूट भरतो, ६५ वाला पावणेपाच फूट. गेमसाठी माझा हिशोब असा, टीव्हीच्या इंचांना १.२ ने गुणा, ते जवळात जवळचं अंतर, आणि १.६ ने गुणा, ते लांबात लांबचं. म्हणजे ५५ साठी साडेपाच ते सव्वासात फूट, ६५ साठी साडेसहा ते पावणेनऊ. आपल्याकडे हॉल दहा बाय बारा, दहा बाय चौदा असाच असतो, दिवाण भिंतीला लावलेला, म्हणजे डोळ्यापासून टीव्ही सात-आठ फुटांवर येतो. तिथे ४३ घेतला तर फोरके (जास्त बारकाव्याचं चित्र) घेऊन उपयोग काय, गेममधली बारीक अक्षरं वाचायला पुढे सरकून चादरीवर खालीच बसावं लागतं (मी बसायचो). त्यामुळे बजेट तेवढंच असेल तर कंपनी थोडी खालची चालेल पण ५५ च्या खाली जाऊ नका असं माझं मत. पण हां, खोलीत बेडवर बसून पाच फुटांवरून एकटाच खेळणार असाल तर ४३ किंवा ४८ मस्त, उगाच मोठा नको.

टेप झाला की दुपारी तीन वाजता हॉलमध्ये उभं राहून बघायचं. सोलापूरचं ऊन काय असतं ते मी काय सांगू, एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वरच बसलेला असतो आणि पश्चिमेची खिडकी असेल तर पडदा लावूनसुद्धा खोली उजळलेलीच. जिथे टीव्ही लावणार त्या भिंतीच्या बरोबर समोर खिडकी आहे का, खालच्या चकचकीत टाइल्सवरून उजेड परत वर येतो का, हे बघा. कारण चित्राची क्वालिटी म्हणजे अर्धी पॅनलची आणि अर्धी तुमच्या खोलीची. दुकानात सगळे टीव्ही डेमो मोडवर असतात, ब्राइटनेस फुल, रंग फुल, त्या ट्यूबलाइटच्या उजेडात जो सगळ्यात भडक तो सगळ्यात भारी वाटतो, आणि तोच घरी रात्री लाइट बंद करून लावला की गुहेतला सीन राखाडी दिसतो आणि डोळे दुखतात ते वेगळंच.

आता पॅनलचं. इथे नावांचा नुसता गोंधळ घालून ठेवलाय. साधा एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी हे तिन्ही मुळात एलसीडीच आहेत, मागे दिवे आणि पुढे पडदा. क्यूएलईडी मध्ये त्या दिव्यांच्या पुढे क्वांटम डॉटचा थर असतो त्यामुळे रंग जास्त शुद्ध येतात, एवढंच, काळा रंग त्याने सुधारत नाही, नावात 'ओएलईडी' सारखा आवाज येतो म्हणून लोक फसतात. मिनी एलईडी मध्ये मागचे दिवे खूप बारीक आणि खूप जास्त, आणि ते गटागटाने कमी-जास्त करता येतात, त्या गटांना झोन म्हणतात. जितके झोन जास्त तितकं अंधाऱ्या सीनमध्ये एका दिव्याभोवती पसरणारं ते धुरकट वलय कमी. ओएलईडी चं प्रकरणच वेगळं, तिथे प्रत्येक पिक्सेल (चित्राचा एकेक ठिपका) स्वतःच उजेड देतो, काळा म्हणजे पिक्सेल बंद, वलय-बिलय काही नाही, आणि पिक्सेलचा रंग बदलायचा वेगही एलसीडीपेक्षा कितीतरी जास्त त्यामुळे कॅमेरा गर्रकन फिरवला तरी चित्र फरफटत नाही. रात्री लाइट बंद करून एकट्याने खेळणाऱ्याला मी डोळे झाकून ओएलईडीच सांगेन.

पण घरात अप्पा आहेत का? आमच्याकडे सकाळी सहाला मराठी बातम्यांचं चॅनल लागतं ते अप्पा दुकानाला जाईपर्यंत, खाली लाल पट्टी, कोपऱ्यात लोगो, जागचे हलत नाहीत. संध्याकाळी आईच्या सिरीयल, तिथेही तोच लोगो तिथेच. ओएलईडी मध्ये एकाच जागी एकच भडक गोष्ट महिनोन्‌महिने राहिली की तिथले पिक्सेल जास्त झिजतात आणि तो डाग कायमचा राहू शकतो, त्याला बर्न-इन म्हणतात. नव्या टीव्हींमध्ये त्यावर बरेच उपाय टाकलेत, लोगो आपोआप मंद करतात, चित्र किंचित सरकवत राहतात, टीव्ही बंद असताना पॅनल स्वतःची साफसफाई करतं (त्यासाठी भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही, रिमोटने बंद करून सोडायचा, हे आमच्या घरात पटवायला मला जमलेलं नाही). तरी दिवसाला सहा-सात तास बातम्या चालणाऱ्या घरात, तेही उजेडाच्या हॉलमध्ये, मिनी एलईडी घ्या आणि निवांत राहा. मी स्वतः तेच केलं. काळ्या रंगात थोडं कमी पडतं हे मान्य, पण दुपारी क्रिकेट दिसतं की.

एलसीडी घेताना अजून एक, त्यात पॅनलचे दोन प्रकार येतात, व्हीए आणि आयपीएस. आयपीएस पॅनलचा काँट्रास्ट (सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागातला फरक) साधारण हजारास एक, व्हीए चा तीन हजार, पाच हजार किंवा त्याच्याही वर. म्हणजे अंधारात व्हीए चं काळं खरंच काळं वाटतं. उलट व्हीए कडेने बघितलं की रंग फिके पडतात. समोर बसून एक-दोघं खेळणार तर व्हीए. हॉलमध्ये दिवाणावर तीन, खुर्चीवर दोन, खाली सतरंजीवर पोरं अशी मॅच बघायची असेल तर कडेचा अँगल दुकानात स्वतः उभं राहून तपासा. दुकानदाराला पॅनलचा प्रकार विचारू नका, त्यालाही माहीत नसतो. काळा स्क्रीन लावायला सांगा आणि कडेला जाऊन बघा, राखाडी धूर दिसायला लागला तर बहुतेक आयपीएस.

आता कन्सोलचं गणित, इथेच पैसे वाचतात नाहीतर वाया जातात. तुमच्याकडे पीएस४ असेल तर तो ६० च्या वर जातच नाही, १२० हर्ट्झचा विचार फक्त पुढे पीएस५ घेणार असाल तरच. पीएस५ आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स फोरके १२० देतात, त्याचा धाकटा सिरीज एस १४४० पी (फोरकेपेक्षा कमी बारकावा) पर्यंतच्या हिशोबाने बनवलाय पण १२० तोही देतो. आणि १२० देतो म्हणजे सगळे गेम १२० वर चालतात असं अजिबात नाही बरं का. कॉल ऑफ ड्यूटी, फोर्टनाइट असल्या शूटिंगच्या गेममध्ये १२० चा मोड आहे. जीटीए ५, फुटबॉल, क्रिकेट हे ६० वरच. त्यामुळे भावा, तुझा पीएस५ फक्त फुटबॉल आणि क्रिकेटसाठी असेल तर ६० हर्ट्झचा पण चांगल्या काँट्रास्टचा टीव्ही हा १२० च्या स्वस्त धुरकट टीव्हीपेक्षा कधीही बरा. हे कोणी सांगत नाही.

१२० चा एक फायदा मात्र शूटिंगवाल्यांनाच नाही तर सगळ्यांना होतो, तो म्हणजे ४० फ्रेमचा मोड. काही मोठ्या गेममध्ये चित्र एकदम भारी पण ३० फ्रेम, नाहीतर चित्र थोडं कमी आणि ६० फ्रेम, असे दोनच पर्याय असायचे. १२० च्या टीव्हीवर मधला ४० चा पर्याय मिळतो, कारण १२० ला ४० ने पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही. ३० मध्ये एक फ्रेम ३३ मिलिसेकंद थांबते, ४० मध्ये २५, ६० मध्ये साडेसोळा. म्हणजे आकड्यात ४० दिसतं पण वेळेत ते ३० आणि ६० च्या बरोबर मधे बसतं, हातात घेतल्यावर लगेच कळतं.

खोक्यावरचा 'एचडीएमआय २.१' (कन्सोल टीव्हीला जोडायच्या पोर्टचं नवं व्हर्जन) हा स्टिकर बघून खूश होऊ नका. जुन्या २.० मधून सेकंदाला १८ गिगाबिट जायचे, २.१ मध्ये ४८ पर्यंत जाऊ शकतात, आणि फोरके १२० ला ते जास्तीचे लागतात (पीएस५ स्वतः ३२ च सोडतो, त्यामुळे ४० वाला पोर्ट असला तरी त्याला काही फरक पडत नाही). पण घोटाळा असा की २.१ लिहायला ४८ ची सक्ती नाही, त्यातलं एखादं फीचर दिलं तरी तो स्टिकर लावता येतो. म्हणून ६० हर्ट्झच्या टीव्हीवरही २.१ लिहिलेलं सापडतं. तुम्ही शोधायचं ते हे शब्द: फोरके १२० हर्ट्झ इनपुट, व्हीआरआर, एएलएलएम (शेवटचे दोन काय ते खाली सांगतो). आणि 'डीएलजी १२०' असं दिसलं तर ओळखायचं की पॅनल मुळात ६० चं आहे, १२० करताना आडव्या ओळी निम्म्या करतं. वाईट नाही, कमी बजेटमध्ये चालेल, पण १२० च्या भावात घेऊ नका.

पोर्टही मोजा. बऱ्याच टीव्हींमध्ये चार एचडीएमआय असतात पण १२० वाले दोनच, आणि त्या दोनातलाच एक ईएआरसी चा, म्हणजे साउंडबारचा. साउंडबार लावला, पीएस५ लावला, संपलं, आता एक्सबॉक्स कुठे लावणार? दोन कन्सोल असतील तर चारही पोर्ट पूर्ण असलेले टीव्हीही मिळतात, एलजीच्या सी सिरीजच्या ओएलईडी मध्ये तसं आहे. आणि डॉल्बी व्हिजनवरून (एचडीआर, म्हणजे जास्त उजळ आणि जास्त काळं दाखवणाऱ्या चित्राचा एक प्रकार) भांडणारे खूप भेटतील, त्यांना एवढंच सांगा की पीएस५ गेममध्ये डॉल्बी व्हिजन देतच नाही, साधं एचडीआर१० देतो. एक्सबॉक्स देतो. सॅमसंगच्या टीव्हीत आजवर डॉल्बी व्हिजन दिलेलं नाही, ते एचडीआर१०+ वाले. पीएस५ वाल्याने यावर झोप घालवायची गरज नाही, ओटीटीवर सिनेमे खूप बघत असाल तर मात्र डॉल्बी व्हिजन जमेस धरा.

व्हीआरआर म्हणजे गेमची फ्रेम तयार होईल तसा टीव्ही थांबतो-पळतो, त्यामुळे चित्र मधूनच फाटत नाही. पीएस५ ला ते २०२२ च्या एप्रिलमध्ये अपडेटने आलं, ४८ ते १२० च्या मधे चालतं. ३० फ्रेमच्या गेमला त्याचा उपयोग शून्य. एएलएलएम म्हणजे कन्सोल चालू केला की टीव्ही आपणहून गेम मोडमध्ये जातो, नसलं तरी रिमोटने करता येतं, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

गेम मोड मात्र पाहिजेच पाहिजे. बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर म्हणजे इनपुट लॅग. चित्र गुळगुळीत करायची सगळी प्रोसेसिंग चालू असली तर हा लॅग शंभर मिलिसेकंदाच्या आसपासही जातो, गेम मोडमध्ये चांगल्या टीव्हीवर ६० हर्ट्झला दहा-पंधरावर येतो. क्रिकेटच्या गेममध्ये बॉल बॅटवर नेहमी उशिरा बसतोय, आपलं टायमिंगच गेलं असं वाटत असेल तर आधी हे तपासा. माझा एक मित्र सहा महिने स्वतःलाच शिव्या देत खेळत होता बे.

एचडीआर बद्दल मी जरा कडवट आहे. 'एचडीआर सपोर्ट' याचा अर्थ एवढाच की टीव्ही तो सिग्नल घेतो, दाखवतो असं नाही. एचडीआर ची मजा म्हणजे अंधारात पेटलेली मशाल खरंच डोळ्यात चमकली पाहिजे आणि बाजूची भिंत काळीच राहिली पाहिजे, त्याला ब्राइटनेस लागतो, ज्याला निट्स म्हणतात. स्वस्त टीव्ही अडीचशे-तीनशे निट्सवर अडकतात आणि झोनही नसतात, तिथे एचडीआर चालू केलं की उलट चित्र मळकट होतं. असला टीव्ही असेल तर कन्सोलमधून एचडीआर सरळ बंद करा, लाजायचं काय त्यात. एलसीडी मध्ये सहाशेच्या वर आणि झोनवाला असेल तरच एचडीआर चा विचार, हजाराच्या आसपास असेल तर मजाच मजा. ओएलईडी ला कमी निट्स चालतात कारण त्याचं काळं पूर्ण काळं असतं.

आता दुकान. कन्सोल पिशवीत घालून न्या. होय, पीएस५ मोठा आहे, नवी पेठेतल्या गर्दीतून गाडीवर पुढे ठेवून न्यायला अवघड आहे, पण साठ-सत्तर हजार घालणार आहात ना. सोबत खोक्यातली मूळ केबल न्या, ती अल्ट्रा हाय स्पीड असते, दुसरी घ्यायचीच तर हेच तीन शब्द आणि स्कॅन करायचा स्टिकर असलेली, तीन मीटरच्या आतली. टीव्हीला आधी डेमो मोडमधून होम मोडमध्ये घ्यायला सांगा, मग कन्सोल जोडून पीएस५ च्या सेटिंगमध्ये स्क्रीन अँड व्हिडिओ, तिथे व्हिडिओ आउटपुट इन्फर्मेशन उघडा. टीव्ही काय काय घेतो ते तिथे लिहून येतं, १२० आहे की नाही, एचडीआर आहे की नाही, व्हीआरआर आहे की नाही. तिथे दुकानदाराचं काही चालत नाही. एक्सबॉक्समध्ये 'फोरके टीव्ही डिटेल्स' म्हणून पान आहे, हिरव्या टिक येतात. नाही आलं तर लगेच टीव्ही खराब म्हणू नका, बऱ्याच टीव्हींमध्ये तो पोर्ट आधी उघडावा लागतो, सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीमध्ये डीप कलर, सोनीमध्ये एनहान्स्ड फॉरमॅट असं नाव असतं.

दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा, सोलापुरात दुकानं काय कमी आहेत का.

भाव लिहीत नाही, ते रोज बदलतात. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचाच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा कुणी जुना भाव धरून 'तुमच्यासाठी खास डिस्काउंट' म्हणत असेल तर बिल नीट बघा. ऑनलाइन स्वस्त पडतं, खोटं नाही, पण ओपन बॉक्स डिलिव्हरी असेल तरच घ्या, खोका उघडून टीव्ही चालू करून बघितल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही. आणि घ्यायच्या आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून आपला पिन कोड सांगा, माणूस सोलापुरातलाच येणार की पुण्याहून, ते विचारा. पॅनल गेलं तर हा एक प्रश्न महिनाभर वाचवतो.

घरी लावताना भिंतीवर उंच लावू नका, हे सगळीकडे चुकतं, फोटोफ्रेमसारखा टीव्ही वर टांगतात. सोफ्यावर बसल्यावर डोळे जिथे, तिथे स्क्रीनचा मध्य, जमिनीपासून साधारण साडेतीन फूट. मग पिक्चर सेटिंग: गेम मोड, कलर टेंपरेचर वॉर्म (पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, तिसऱ्या दिवशी जुनं सेटिंग लावून बघा, निळंशार दिसेल), शार्पनेस जवळपास शून्य. टीव्हीत एचजीआयजी (गेमचा एचडीआर कन्सोलच्या हिशोबाने दाखवायचं सेटिंग) असं काही असेल तर ते चालू करा आणि मग पीएस५ मध्ये अॅडजस्ट एचडीआर करा, तीन स्क्रीन येतात, त्यातलं चिन्ह जेमतेम दिसेनासं होईल तिथे थांबायचं.

लाइट जाते तेव्हाचं पण सांगतो. टीव्हीला वेगळा स्टॅबिलायझर शक्यतो लागत नाही, आतली सप्लाय मोठ्या रेंजमध्ये चालते, पण वीज येता-जातानाच्या झटक्यासाठी चांगला सर्ज प्रोटेक्टर लावा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू ठेवा, नाहीतर लाइट जाऊन इन्व्हर्टरवर येईपर्यंतच्या क्षणात कन्सोल बंद पडतो आणि मग तो 'नीट बंद केला नाही' म्हणून रागावतो. पीएस५ मोठा गेम चालवताना दोनशे वॉटच्या आसपास खातो, टीव्ही वेगळा, हे धरून बॅटरीचा हिशोब करा, दोन पंखे पण चालायचेत.

पहिल्या आठवड्यात एक क्रिकेट मॅच आणि पूर्ण राखाडी रंगाचा एखादा व्हिडिओ लावून बघा. हिरव्या मैदानावर कॅमेरा सरकताना मळकट पट्टे दिसले किंवा एखादा पिक्सेल मेलेला असेल तर लगेच तक्रार, फोटोसकट. बदलून द्यायची मुदत बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते आणि तेव्हा खोका, थर्माकोल, सगळं मागतात. माझं थर्माकोल आईने तिसऱ्या दिवशी गणपतीच्या मखरासाठी बाजूला काढलं होतं, आणि खोका भंगारवाल्याच्या गाड्यावर चढलेला मी खाली पळत जाऊन परत आणला.